वाचकांचे प्रश्न : ५३७ मतांनी काय बदललं?

मागच्या अंकात अमेरिकेच्या २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीवर लेख होता. त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाचे उपाध्यक्ष अल गोर यांना देशभरात रिपब्लिकन पक्षाच्या जॉर्ज बुश यांच्यापेक्षा सुमारे ५ लाख ४४ हजार मतं जास्त पडली. पण तिथे अध्यक्ष राज्याराज्यांच्या निर्वाचक मतांवर, म्हणजे प्रत्येक राज्याच्या वाट्याला आलेल्या प्रतिनिधींच्या मतांवर ठरतो. फ्लोरिडा राज्यात ५३७ मतांनी मागे पडल्याने तिथली सगळी २५ निर्वाचक मतं बुश यांना गेली आणि निकाल २७१ विरुद्ध २६६ असा लागला. या लेखावर सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

आमच्याकडे जकार्डचे माग आहेत. कार्डाला भोक असतं किंवा नसतं, तिसरं काही नाही. मग ‘अर्धवट भोक’ म्हणजे काय, आणि त्यावर महिनाभर वाद कसा चालला?
— एक यंत्रमागधारक, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

तुमच्या मागावरूनच समजून घेऊ, कारण तत्त्व एकच आहे. जकार्डमध्ये भोक असेल तिथे सुई आरपार जाते, हुक जागेवर राहतो आणि ताण्याचा धागा उचलला जातो. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. भोकातला कागद पुरता सुटला नाही, तर मागाच्या लेखी ते भोकच नाही. चादरीच्या नक्षीत मग तीच चूक दर रिपीटला उमटत राहते.

फ्लोरिडातल्या अनेक जिल्ह्यांत तेव्हा व्होटोमॅटिक नावाची पद्धत होती. मतपत्रिका म्हणजे पातळ पुठ्ठ्याचं कार्ड. त्या कार्डावर बारीक आयत आधीच कडेने अर्धवट कापलेले असत. मतदाराने कार्ड साच्यात सरकवायचं, कार्डाच्या माथ्यावरची दोन छिद्रं साच्याच्या दोन खुंट्यांत अडकवायची, वर जोडलेल्या पुस्तिकेत उमेदवाराचं नाव पाहायचं आणि त्याच्यासमोरच्या भोकात टोच्या दाबायचा. कापलेला तो आयत, म्हणजे टिकली, सुटून खालच्या खणात पडली पाहिजे. नंतर मोजणीयंत्र कार्डावर उजेड टाकतं. आरपार गेला तर मत, नाही तर नाही.

बिघाड कुठे होतो तेही पाहा. कार्ड खुंट्यांवर नीट बसलं नाही, तर टोच्या टिकलीच्या मध्यावर न पडता कडेला पडतो. कार्डाखालच्या रबरी पट्ट्या जुन्या होऊन ताठरल्या, तर टिकली खाली उतरत नाही. खालचा खण आधीच्या निवडणुकांच्या टिकल्यांनी भरला असेल, तर तीच अडचण. आणि हाताला जोर नसलेल्या वयस्कर मतदाराकडून टिकली नुसती दबते. म्हणून टिकलीच्या चार कोपऱ्यांची मोजदाद सुरू झाली. एकाच कोपऱ्यावर लटकणारी, दोन कोपऱ्यांवर झुलणारी, तीन कोपरे धरून असलेली आणि चारही कोपरे शाबूत पण मध्ये खळगा पडलेली. लटकती टिकली यंत्रातून जाताना कधी भोक झाकते, कधी उघडते, कधी गळूनच पडते. त्यामुळे तेच कार्ड दुसऱ्यांदा मोजलं की आकडा बदलू शकतो. बुश यांची आघाडी पहिल्या मोजणीत १,७८४ होती. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असला की फ्लोरिडाच्या कायद्याने यंत्रावर फेरमोजणी आपोआप होते. ती झाल्यावर आघाडी ३२७ वर आली. परदेशातून टपालाने आलेली मतं धरल्यावर ९३० झाली, आणि हाताने मोजलेली काही मतं मिळवून २६ नोव्हेंबरला जाहीर झाली तेव्हा ५३७.

वाद इतका लांबला याचं कारण कायद्यात होतं. हाताने मोजताना ‘मतदाराचा हेतू’ पाहा, एवढंच कायदा सांगत होता. हेतू कोणत्या खुणेवरून ओळखायचा, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पाम बीच जिल्ह्याकडे १९९० ची एक सूचना होती, तिच्यानुसार चारही कोपरे चिकटलेली टिकली मत धरायची नाही. मोजणी त्या सूचनेवर सुरू झाली. मग टिकलीतून जरासा उजेड दिसला तरी मत धरू लागले, मग पुन्हा १९९० च्या सूचनेवर आले आणि शेवटी ठाम नियमच उरला नाही. शेजारच्या ब्रॉवर्ड जिल्ह्याने सैल कसोटी लावली आणि तिथे पाम बीचच्या जवळपास तिप्पट नवी मतं निघाली. एकाच राज्यात, एकाच आठवड्यात, एकसारखी दबलेली टिकली इकडे मत ठरत होती आणि तिकडे रद्दी.

लेखात जागेअभावी राहून गेलेली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. टिकल्यांपेक्षा मोठं नुकसान कागदाच्या मांडणीने केलं. पाम बीचमध्ये वयस्कर मतदारांना वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी केली. त्यामुळे दहा उमेदवारांची नावं एका पानावर मावेनात, म्हणून ती डाव्या आणि उजव्या अशा दोन पानांवर टाकली आणि भोकांची रांग मधोमध ठेवली. डावीकडे पहिलं नाव बुश, त्यांचं भोक पहिलं. त्याखाली दुसरं नाव गोर, पण त्यांचं भोक तिसरं, कारण दुसरं भोक उजव्या पानावरच्या पॅट ब्यूकॅनन यांचं. गोर यांना मत द्यायला आलेल्या कितीतरी लोकांनी दुसरं भोक पाडलं. ब्यूकॅनन यांना तिथे ३,४०७ मतं पडली, आणि तो जिल्हा त्यांना मानणाऱ्यांचा नाही हे त्यांनी स्वतःही मान्य केलं. चूक लक्षात येताच अनेकांनी तिसरंही भोक पाडलं, म्हणजे दोन मतं, म्हणजे मत बाद. अशी दुहेरी छिद्रांची १९ हजारांवर कार्डं त्या एका जिल्ह्यात निघाली. ती कुठल्याच फेरमोजणीत वाचणार नव्हती. हेतू चांगला, अक्षरं मोठी आणि हजारो मतं वाया. मतपत्रिका छापायच्या आधी पंचवीस-तीस सामान्य माणसांना देऊन ‘अमक्याला मत द्या’ असं करून पाहिलं असतं, तर ही चूक तासाभरात सापडली असती.

सगळी मतं नीट मोजली असती तर खरं कोण जिंकलं असतं? एका वाक्यात सांगा.
— साखर पेठ, सोलापूर

एका वाक्यात प्रामाणिक उत्तर देता येणार नाही, तीन लागतील. मोठ्या वृत्तसंस्थांनी मिळून शिकागो विद्यापीठाच्या एका संशोधन संस्थेकडून बाद झालेली १ लाख ७५ हजार कार्डं तपासून घेतली आणि निष्कर्ष नोव्हेंबर २००१ मध्ये प्रसिद्ध केले. गोर यांनी मागितलेली चार जिल्ह्यांची फेरमोजणी पूर्ण झाली असती, किंवा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे फक्त ‘मत न दिसलेली’ कार्डं मोजली असती, तरी बहुधा बुशच जिंकले असते. पण राज्यभरातली सगळी बाद कार्डं, दुहेरी खुणांचीसुद्धा, एकाच कसोटीवर तपासली असती, तर कसोटी कोणतीही लावा, गोर ६० ते १७१ मतांनी पुढे येत होते.

म्हणजे गोर यांच्या वकिलांनी जी मोजणी मागितली तिच्यात ते हरत होते, आणि जिच्यात ते जिंकत होते ती कुणी मागितलीच नाही. त्या १ लाख ७५ हजारांत मत न दिसलेली सुमारे ६१ हजार आणि दुहेरी खुणांची सुमारे १ लाख १४ हजार होती. सगळ्यांची नजर पहिल्या ढिगावर होती. दुसऱ्या ढिगात अशीही कार्डं होती, ज्यांवर मतदाराने उमेदवाराच्या नावासमोर खूण केली आणि शिवाय खाली त्याचंच नाव हाताने लिहिलं. हेतू स्वच्छ, तरी मत बाद.

न्यायालयाने मोजणी थांबवली हे कसं? मोजणी थांबवून न्याय कसा होतो?
— एक वकील, नवी पेठ, सोलापूर

क्रम असा. ८ डिसेंबरला फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी राज्यभर हाताने मोजणीचा आदेश दिला. दुसऱ्याच दिवशी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी स्थगिती दिली. १२ डिसेंबरला अंतिम निकाल आला आणि त्यात दोन वेगळे मुद्दे होते, ते एकत्र मिसळू नयेत. पहिला असा की जिल्ह्याजिल्ह्यात वेगळी कसोटी म्हणजे मतदारांना असमान वागणूक. हा दोष सात न्यायमूर्तींना दिसला. दुसरा मुद्दा उपायाचा. सातपैकी दोघांचं म्हणणं होतं की निर्वाचक १८ डिसेंबरला मतदान करणार आहेत, तोवर एक कसोटी ठरवून मोजू द्या. पाच जण म्हणाले, राज्याचा निकाल काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, आव्हानापासून सुरक्षित राहण्याची कायद्यातली तारीख १२ डिसेंबर आहे, ती आज संपते, वेळ नाही.

आमच्या मते दोष ओळखण्यात न्यायालय बरोबर होतं आणि उपायात चुकलं. ९ तारखेला मोजणी थांबवायची आणि १२ तारखेला वेळ संपली म्हणायचं, यातले तीन दिवस न्यायालयानेच खर्ची घातले होते. मायामी-डेड जिल्ह्यातल्या सुमारे ९ हजार कार्डांची हाताने मोजणी तर अधिकृतपणे कधी पूर्णच झाली नाही. १३ डिसेंबरला गोर यांनी पराभव मान्य केला. ६ जानेवारी २००१ रोजी उपाध्यक्ष या नात्याने स्वतःच्या पराभवाची मोजणी त्यांनाच काँग्रेसमध्ये पार पाडावी लागली, आणि ती त्यांनी नियमाने पार पाडली.

गोर आले असते तर इराक युद्ध झालं नसतं, पृथ्वी वाचली असती, असं आमच्या वाचनकट्ट्यावर एकाने ठासून सांगितलं. खरंच?
— निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर

‘असं झालं असतं तर’ या प्रश्नाला चाळणी लावावी लागते. आम्ही तीन गोष्टी पाहतो : ती कृती अध्यक्षाच्या एकट्याच्या हातात होती का, नसेल तर दुसरं कोण लागणार होतं आणि ते तयार होते का, आणि ती गोष्ट कुणीही आलं तरी घडणारच होती का.

इराकपासून सुरू करू. २००३ चं युद्ध बाहेरून लादलं गेलं नव्हतं. ते प्रशासनाने निवडलं होतं, म्हणजे पहिल्या चाळणीत बसतं. गोर यांनी सप्टेंबर २००२ मध्येच सॅन फ्रान्सिस्कोतल्या जाहीर भाषणात त्या घाईला विरोध केला होता. त्यामुळे तुमच्या मित्राचं पारडं इथे जड आहे. तरी दोन गोष्टी विसरू नयेत. क्लिंटन-गोर प्रशासनानेच डिसेंबर १९९८ मध्ये इराकवर चार दिवस बॉम्बफेक केली होती, आणि गोर यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार जो लीबरमन हे युद्धाचे खंदे समर्थक निघाले. निर्बंध, हवाई हल्ले, तपासनीस हे सगळं चाललं असतं. दीड लाखाच्या आसपास सैन्य पाठवून देश ताब्यात घेणं, हे गोर यांच्याकडून होण्याची शक्यता कमी वाटते.

११ सप्टेंबरचा हल्ला मात्र तिसऱ्या चाळणीतला. कटाची तयारी निवडणुकीच्या आधीपासून चालू होती. अफगाणिस्तानावरची कारवाई कोणत्याही अध्यक्षाने केली असती.

हवामानाचं उत्तर निराशेचं आहे. हवा तापवणारे वायू कमी करण्याच्या क्योटो करारावर गोर यांचाच हात फिरला होता आणि मार्च २००१ मध्ये बुश यांनी तो झिडकारला, हे खरं. पण करार मंजूर करायला सिनेटमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहात, दोन तृतीयांश मतं लागतात, आणि त्याच सिनेटने जुलै १९९७ मध्ये ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला होता की विकसनशील देशांना बंधन नसलेला करार आम्हाला नको. क्लिंटन यांनी तो सिनेटपुढे ठेवलाच नाही. गोर यांनाही ६७ मतं मिळाली नसती. धुराच्या मर्यादा आणि वाहनांच्या इंधनाचे नियम प्रशासनाच्या हातातले, तेवढ्यात ते बरंच करू शकले असते.

इथे एक बारकावा आहे, तो सहसा कुणी धरत नाही. त्या निवडणुकीत सिनेट ५०-५० झालं होतं. लीबरमन एकाच वेळी उपाध्यक्षपदाला आणि कनेटिकटमधून सिनेटलाही उभे होते, आणि सिनेटची जागा ते जिंकले. ते उपाध्यक्ष झाले असते तर ती जागा रिकामी होऊन तिथल्या रिपब्लिकन राज्यपालांनी आपला माणूस नेमला असता आणि सिनेट ५१-४९ असं विरोधकांकडे गेलं असतं. खालचं सभागृह तर त्यांच्याकडे होतंच. म्हणजे अध्यक्ष गोर पहिल्या दिवसापासून विरोधी काँग्रेससमोर उभे असते. जून २००१ ची १.३५ लाख कोटी डॉलरची करकपात त्या आकाराची झाली नसती, कारण नकाराधिकार अध्यक्षाचा एकट्याचा. नवं काही मंजूर करून घेणं मात्र त्यांना जड गेलं असतं.

आणि आपण? अणुचाचण्यांनंतर भारतावर लादलेले निर्बंध बुश यांनी सप्टेंबर २००१ मध्ये उठवले आणि जुलै २००५ मध्ये नागरी अणुकराराची घोषणा झाली. गोर अणुचाचणीबंदी कराराच्या बाजूचे होते. निर्बंध कदाचित उठले असते, पण अशा करारांवर सही न केलेल्या देशासाठी स्वतःचा कायदा वाकवायला गोर यांचा पक्ष इतक्या सहज तयार झाला असता, असं वाटत नाही.

यूपीएससीच्या तयारीत १८७६ च्या अमेरिकी निवडणुकीचा उल्लेख येतो. फ्लोरिडापेक्षा ती मोठी होती का?
— स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, विजापूर रोड, सोलापूर

परिणामांच्या दृष्टीने पाहिलं तर हो. जिंकायला १८५ निर्वाचक मतं हवी होती. डेमोक्रॅट सॅम्युअल टिल्डन १८४ वर, रिपब्लिकन रुदरफोर्ड हेज १६५ वर आणि २० मतं वादात : लुइझियाना ८, साउथ कॅरोलायना ७, फ्लोरिडा ४, ओरेगन १. दक्षिणेतल्या तिन्ही राज्यांतून दोन-दोन परस्परविरोधी निकालपत्रं राजधानीत पोहोचली. राज्यघटनेत लिहिलं होतं की सिनेटचे अध्यक्ष निकालपत्रं उघडतील ‘आणि मग मतं मोजली जातील’. कुणी मोजायची? कर्मणी प्रयोगाने कर्ताच गिळला होता. दोन निकालपत्रं आली तर कोणतं खरं, हेही लिहिलेलं नव्हतं.

म्हणून जानेवारी १८७७ मध्ये कायदा करून १५ जणांचा आयोग नेमला : पाच सिनेटर, पाच प्रतिनिधी, पाच न्यायमूर्ती. सात इकडचे, सात तिकडचे आणि एक तटस्थ न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस असं गणित होतं. ऐनवेळी इलिनॉयच्या विधिमंडळाने डेव्हिस यांना सिनेटवर निवडून दिलं, त्यांनी आयोगावर यायला नकार दिला आणि त्यांच्या जागी जोसेफ ब्रॅडली आले. प्रत्येक वादात निकाल ८ विरुद्ध ७. वीसच्या वीस मतं हेज यांना मिळाली आणि २ मार्च १८७७ ला ते १८५ विरुद्ध १८४ ने अध्यक्ष ठरले. शपथविधीला दोन-तीन दिवस उरले होते.

दक्षिणेतल्या राज्य सरकारांच्या पाठीशी असलेलं केंद्राचं सैन्य हेज यांनी त्या एप्रिलमध्ये मागे घेतलं. पुढच्या दोन-तीन दशकांत तिथल्या कृष्णवर्णीयांचा मताधिकार कर, परीक्षा आणि दहशत यांनी जवळपास संपवला गेला. तो कायद्याने परत यायला १९६५ उजाडलं. पेपरात एवढं लिहून थांबू नका. टिल्डन आले असते तर सैन्य राहिलं असतं का? नाही, डेमोक्रॅटांना ते आधीच काढायचं होतं. बहुतेक दक्षिणी राज्यं तोवर रिपब्लिकनांच्या हातची गेलीच होती. आणि ‘खरा विजेता कोण’ याचं उत्तरही दुहेरी आहे. मोजलेल्या मतांत टिल्डन अडीच लाखांनी पुढे होते, पण दक्षिणेत हजारो कृष्णवर्णीयांना बंदुकीच्या धाकाने मतदानच करू दिलं नव्हतं. ती मतं कुठल्याच मोजणीत आली नाहीत.

या गोंधळावर १८८७ मध्ये कायदा झाला. तोही संदिग्ध होता. २०२१ च्या जानेवारीत संसदभवनावर हल्ला झाल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये तो सुधारला. आता उपाध्यक्षाचं काम फक्त औपचारिक आहे, आणि हरकत घ्यायला दोन्ही सभागृहांत एक पंचमांश सदस्य लागतात. आधी दोन्हीकडचा एकेक पुरत होता.

आपल्याकडे राष्ट्रपतिपदाची निवडणूक कधी वादात सापडली का? आणि निकाल उलटा लागला असता तर काही बदललं असतं का?
— अक्कलकोट

१९६९. मे महिन्यात राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचं निधन झालं. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, इंदिरा गांधींचा कौल अपक्ष व्ही. व्ही. गिरी यांच्याकडे, आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघाच्या पाठिंब्यावर तिसरे चिंतामणराव देशमुख. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडणारे तेच आपले देशमुख.

पहिल्या पसंतीत, मतांच्या मूल्यात मोजून, गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८ आणि देशमुख १,१२,७६९. जिंकायला लागणारा कोटा होता ४,१८,१६९, म्हणजे कुणालाच पुरेसं नाही. मग तळापासून एकेक उमेदवार बाद करत त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती वाटत गेले. देशमुखांची दुसरी पसंती मोठ्या प्रमाणात रेड्डींकडे गेली, त्यांच्यात ९१ हजारांवर भर पडली. गिरींना या वाटपातून मिळाली फक्त १८,५६२, पण तेवढी पुरली. शेवट : गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. फरक १४,६५०. म्हणजे ७,३२६ मूल्याची मतं इकडची तिकडे झाली असती तर रेड्डी राष्ट्रपती होते. आज महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ आहे, त्या हिशेबाने हे ४२ आमदार होतात.

निवडणुकीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. रेड्डींची बदनामी करणारं पत्रक खासदारांत वाटल्याचा आरोप होता. पदावर असलेले गिरी स्वतः साक्ष द्यायला न्यायालयात आले. १९७० मध्ये याचिका फेटाळली गेली, त्या पत्रकात गिरींची संमती सिद्ध झाली नाही.

तुमच्या पत्रात अक्कलकोट संस्थानाचा उल्लेख आहे, तोच धागा धरू. सप्टेंबर १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद करणारं घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत एका मताहूनही कमी फरकाने पडलं. लगेच राष्ट्रपतींच्या आदेशाने सगळ्या संस्थानिकांची मान्यता काढली गेली. गिरींनी सही केली. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला आणि त्याच महिन्यात पंतप्रधानांच्या सल्ल्यावर लोकसभा विसर्जित झाली. राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाचा सल्ला मानलाच पाहिजे हे घटनेत स्पष्ट शब्दांत आलं १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने. १९७० मध्ये ती संकेताची बाब होती. पक्षफुटीत इंदिराजींच्या विरुद्ध गटाने उभे केलेले रेड्डी त्या आदेशावर तितक्याच झटपट सही करते का? बहुमत गमावलेल्या सरकारच्या सल्ल्यावर लोकसभा विसर्जित करते, की आधी दुसरं सरकार बनतं का ते पाहते? १९७१ ची मध्यावधी निवडणूक, तिच्यातलं प्रचंड बहुमत आणि मग तनखे संपवणारी सव्विसावी दुरुस्ती ही सगळी साखळी विसर्जनाच्या त्या एका सहीला बांधलेली होती. आमच्या मते १९६९ चा निकाल उलटता तर तनखे गेलेच असते, पण काही वर्षं उशिरा. सत्तेची एका हाती एकवट मात्र इतक्या वेगाने झाली नसती. बँक राष्ट्रीयीकरणावर याचा परिणाम नव्हता, तो वटहुकूम १९ जुलैला, निवडणुकीच्या आधीच निघाला होता.

अध्यक्षाची निवडणूक न्यायालयाने रद्द केली, असं कुठे झालंय का?
— बार्शी

झालंय. ऑस्ट्रियात २०१६ मध्ये ३०,८६३ मतांच्या फरकाने लागलेला निकाल रद्द झाला. गैरप्रकार सिद्ध झाला नव्हता, पण टपाली पाकिटं ठरल्या वेळेआधी आणि अधिकार नसलेल्या माणसांनी उघडली होती, आणि अशी मतं ७७,९२६ होती, म्हणजे फरकापेक्षा जास्त. फेरनिवडणूकही लांबली, कारण टपाली पाकिटांचा डिंक सुटत होता. डिसेंबरमध्ये तेच उमेदवार जास्त फरकाने जिंकले. केनियात २०१७ मध्ये निवडणूक रद्द झाली, पण फेरनिवडणुकीवर विरोधकांनी बहिष्कार टाकला आणि सत्ता तिथेच राहिली. मलावीत मात्र भविष्य खरोखर वळलं. २०१९ च्या निकालपत्रांवर व्हाइटनर लावून आकडे बदललेले आढळले, फेब्रुवारी २०२० मध्ये निवडणूक रद्द झाली, जूनमध्ये पुन्हा मतदान झालं आणि विरोधी उमेदवार लाझारस चकवेरा अध्यक्ष झाले.

आमच्या तालुक्यात मारकडवाडीने मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं होतं, ते प्रशासनाने होऊ दिलं नाही. शंका असेल तर सामान्य माणसाने करायचं तरी काय?
— माळशिरस तालुका

विधानसभा निकालानंतर ३ डिसेंबर २०२४ ला ठरलेलं ते मतदान जमावबंदीमुळे झालं नाही. झालं असतं तरी कायद्याच्या लेखी त्याला किंमत नव्हती. मतदार तेच, गुप्तता तीच आणि दबाव नाही, यातलं काहीच नंतर सिद्ध करता येत नाही. शंका घेणं हा मात्र गावाचा हक्क आहे आणि तिच्यासाठी ठरलेल्या वाटा आहेत. प्रत्येक वाटेला मुदत आहे, लोक तिथेच चुकतात.

मतदान संपताना केंद्राध्यक्ष फॉर्म १७-सी भरतो. त्यात यंत्राचे क्रमांक, नोंदलेली एकूण मतं आणि सीलचे क्रमांक असतात. उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीला त्याची प्रत मिळते. ती न घेता घरी जाणारा प्रतिनिधी निम्मा पुरावा सोडून जातो. मोजणीच्या टेबलावर कंट्रोल युनिटचा, म्हणजे यंत्राच्या मतं साठवणाऱ्या भागाचा, क्रमांक आणि एकूण आकडा या प्रतीशी ताडून पाहायचा. जुळला नाही, तर हरकत तिथेच लेखी द्यायची. तोंडी हरकतीचा मागे काही माग राहत नाही.

फेरमोजणीचा अर्ज एकूण मतं जाहीर झाल्यावर आणि फॉर्म २० वर, म्हणजे निकालपत्रकावर, सही होण्याच्या आधी, कारणांसह, उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने द्यायचा असतो. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला त्यावर कारणांसह लेखी निर्णय द्यावा लागतो. सही झाली की हा रस्ता बंद. व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत दिल्यावर यंत्रातून छापून निघणाऱ्या, चिठ्ठ्या मोजण्याची मागणीही याच टप्प्यावर करायची. यंत्र आणि चिठ्ठ्यांत फरक निघाला तर चिठ्ठ्यांचा आकडा ग्राह्य धरतात. दर विधानसभा क्षेत्रातली सोडतीने निवडलेली पाच केंद्रं तशीही तपासली जातातच.

निकालानंतर सात दिवसांत दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचे उमेदवार स्वतःच्या खर्चाने पाच टक्के यंत्रांची तपासणी मागू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ही सोय दिली. सामान्य मतदाराला खुली असलेली वाट म्हणजे उच्च न्यायालयातली निवडणूक याचिका. मुदत ४५ दिवस, अनामत २,००० रुपये आणि जितके प्रतिवादी तितक्या साक्षांकित प्रती. सेहेचाळिसाव्या दिवशी आलेली याचिका कितीही सबळ असली तरी टिकत नाही, उशीर माफ करण्याची तरतूद इथे लागू होत नाही. नियमभंग झाला एवढं दाखवूनही भागत नाही, त्यामुळे मतदारसंघाच्या निकालावर फरक पडला हे दाखवावं लागतं. मारकडवाडीची अडचण नेमकी हीच होती. गावाला शंका होती ती आपल्या केंद्रांवरच्या आकड्यांची, पण ज्यांच्यासाठी शंका होती ते उमेदवार मतदारसंघात निवडून आले होते. अशा वेळी याचिकेला आधार उरत नाही. उरतात ती केंद्रनिहाय आकडे देणाऱ्या फॉर्म २० ची आणि १७-सीची प्रत. दोन्ही प्रती शेजारी ठेवून केंद्राचं एकूण मतदान जुळतं का ते पाहा. एकूण आकडाच जुळला नाही, तर ४५ दिवसांच्या आत वकील गाठा.